गाठ लहान झाली, म्हणजे मूल बरं झालं का?

देऊळगाव राजात आमच्या मोहल्ल्यात एखादं मूल आजारी पडलं की तीन प्रकारची माणसं पहिल्याच दिवशी घरी येतात. एक तावीज सुचवणारा, दुसरा जडीबुटीवाल्याचा पत्ता देणारा आणि तिसरा "आमच्या नात्यात एकाला असंच झालं होतं" म्हणत घरच्यांचं उरलंसुरलं धैर्य काढून घेणारा. तिघांचाही हेतू चांगला असतो. म्हणूनच त्यांना काही बोलता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी हे तिघंही मी माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या घरी बसलेले पाहिले. आपाची नात तेव्हा चौदा महिन्यांची होती. मालिश करताना तिच्या आईच्या हाताला उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागलं. पोट थोडं फुगलेलं होतंच, पण पोरगी बाळसेदार आहे असं म्हणून सगळे कौतुक करायचे. एका दवाखान्यात जंताचं औषध आणि भूक वाढवणारं टॉनिक मिळालं. तीन आठवडे त्यात गेले. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी पोटावर हात ठेवताच जालन्याला सोनोग्राफीसाठी पाठवलं. जालन्याहून संभाजीनगरला सीटी स्कॅन, आणि तिथून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात निदान झालं. हेपॅटोब्लास्टोमा. लहान मुलांच्या यकृताचा, म्हणजे लिव्हरचा कॅन्सर.

या आजाराची माहिती मी पुढे देणारच आहे. पण लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. उपचाराच्या ऐन मधोमध, पोरगी हसायला-खेळायला लागलेली असताना, आमच्या घराने "आता ऑपरेशन नको" असं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. त्या बैठकीत मीही होतो. शिकलेला माणूस म्हणून मला मुद्दाम बोलावलं होतं. आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे लिहितो आहे.

आधी आजाराबद्दल. लिव्हरचा कॅन्सर म्हटला की आपल्याला दारू, कावीळ, हिपॅटायटिस बी आठवतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. हेपॅटोब्लास्टोमा मात्र वेगळा. तो बहुतेक वेळा वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आतच दिसतो. दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण एक-दीड मूल, इतका तो दुर्मीळ आहे. गर्भात लिव्हर तयार होत असताना ज्या कच्च्या पेशी असतात, त्यांची वाढ बिघडून ही गाठ होते. वेळेच्या फार आधी आणि फार कमी वजनाची जन्मलेली बाळं, तसंच काही आनुवंशिक विकार असलेली बाळं यांच्यात तो थोडा जास्त आढळतो. बाकी बहुतेक मुलांमध्ये कारण सापडत नाही. आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात बाहेर पडली का, कुणाची नजर लागली का, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. हे ठासून सांगावं लागतं, कारण आपाच्या सुनेला पहिल्या आठवड्यात घराने हेच प्रश्न विचारले होते.

या गाठीची एक खूण रक्तात सापडते. तिचं नाव अल्फा-फीटोप्रोटीन. हे प्रथिन गर्भातल्या बाळाचं लिव्हर बनवतं आणि जन्मानंतर ते हळूहळू उतरत जातं. हेपॅटोब्लास्टोमा असलेल्या बहुतेक मुलांमध्ये त्याचा आकडा हजारांत, लाखांत जातो. आमच्या पोरीचा आकडा लाखांत होता. इलाज लागू पडला की तो उतरतो, आजार उलटला की चढतो. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं आईबापाला हा आकडा नमाजाच्या वेळांसारखा पाठ होतो.

इलाजाचा क्रम साधारण असा असतो. सीटी किंवा एमआरआय स्कॅनवर डॉक्टर लिव्हरचे चार मोठे भाग मोजतात आणि गाठीने त्यातले किती व्यापले ते पाहतात. एकच भाग व्यापला असेल तर पहिली पायरी, चारही व्यापले असतील तर चौथी. मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत गाठ गेली आहे का, फुप्फुसात पसरली आहे का, हेही तपासतात. काही लहान गाठी थेट काढता येतात. बऱ्याच मुलांना आधी केमोथेरपी देऊन गाठ आकसवतात, मग ऑपरेशन करून ती लिव्हरच्या त्या भागासकट काढतात आणि शेवटी उरलीसुरली पेशी मारण्यासाठी पुन्हा थोडी केमो देतात.

यातलं मुख्य औषध सिस्प्लॅटिन. औषध जुनं आहे, भारतीय कंपन्या ते बनवतात आणि आजच्या नव्या कॅन्सर औषधांच्या मानाने ते स्वस्त आहे. २००९ साली युरोपातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मुलांची गाठ लिव्हरबाहेर पसरलेली नव्हती आणि लिव्हरचा निदान एक भाग मोकळा होता, अशा मुलांना एकटं सिस्प्लॅटिन आणि त्याला ऑपरेशनची जोड दिल्यावर तीन वर्षांनी शंभरातली ९५ मुलं जिवंत होती. कॅन्सर या शब्दाभोवती आपल्याकडे जो काळोख आहे, त्यात हा आकडा दिव्यासारखा आहे. पण तो दिवा दोन वातींवर जळतो, औषध आणि ऑपरेशन. यातली एक वात विझवली की काळोखच. केमोने गाठ कितीही लहान झाली तरी ती पूर्ण काढल्याशिवाय हा आजार बरा होण्याची आशा जवळजवळ नसते.

आमच्या घराला नेमकं हेच कळत नव्हतं. तिसऱ्या केमोनंतर काही दिवसांसाठी पोरगी घरी आली. डोक्यावर केस नव्हते, पण पोट उतरलं होतं. ती दूध मागत होती, अंगणातल्या कोंबडीमागे रांगत होती. रक्तातला आकडा लाखांतून हजारांत आला होता. मोहल्ल्याने मिठाई वाटली. आणि त्याच संध्याकाळी दूल्हेभाईंनी, म्हणजे आपाच्या यजमानांनी, अंगणात चारपाया मांडून बैठक बोलावली.

घरात आम्ही दखनी बोलतो, इथे मराठीत सांगतो. दूल्हेभाई म्हणाले, "अल्लाहने एवढी मेहरबानी केली. गाठ विरघळत चालली आहे. आणखी चार सुया दिल्या तर पूर्ण विरघळेल. मग एवढ्याशा जिवाचं पोट कशाला फाडायचं? चाकू लागला की कॅन्सर पसरतो, हे सगळ्या दुनियेला माहीत आहे." कुणी म्हणालं, लिव्हर कापल्यावर माणूस जगेल कसा. एका खालाने हळूच तिसरी गोष्ट काढली, "मुलीची जात. पोटावर एवढा मोठा व्रण राहील. उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं?"

दूल्हेभाई कठोर माणूस नाहीत. नातीच्या आजारपणात त्यांनी दोन म्हशी विकल्या होत्या. त्यांच्या तोंडून भीती बोलत होती, आणि भीतीला उत्तर माहितीने द्यावं लागतं. माझ्याकडे ती नव्हती. आज आहे, म्हणून त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे देतो.

पहिला प्रश्न चाकूचा. "चाकू लागला की पसरतो" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुजलं, याला कारण आहे. आपले लोक पूर्वी, आणि आजही, ऑपरेशनपर्यंत पोहोचतात ते फार उशिरा. तोपर्यंत आजार शरीरभर गेलेला असतो. पोट उघडल्यावर डॉक्टरांना ते दिसतं, पुढच्या काही महिन्यांत रुग्ण दगावतो आणि घरचे दोष चाकूला देतात. आग आधीच पसरलेली असताना बंब उशिरा आला, तर आग बंबाने लावली असं आपण म्हणत नाही. हेपॅटोब्लास्टोमाच्या ऑपरेशनमध्ये सर्जन गाठीला हात न लावता तिच्याभोवतीचा निरोगी लिव्हरचा भाग धरून अख्खा तुकडा काढतात. उद्देशच असा असतो की गाठ फुटू नये आणि मागे काही राहू नये.

हा विचार काही पाश्चात्त्यांनी काल आणलेला नाही. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याजवळ अबुल कासिम अल-जहरावी नावाचा सर्जन होऊन गेला. त्याच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यात सुमारे दोनशे हत्यारांची वर्णनं व चित्रं आहेत. कॅन्सरबद्दल त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गाठ नवी आणि लहान असेल आणि पूर्ण काढता येईल अशा जागी असेल तर ती काढा. जुनी आणि मोठी झाली असेल तर तिला हात घालू नका, कारण अशी गाठ कापून बरा झालेला रुग्ण त्याने पाहिला नव्हता. त्याच्या काळात भूल देण्याची आजची साधनं नव्हती, रक्त चढवणं नव्हतं, केमो नव्हती. तरी मूळ गोष्ट त्याला कळली होती. लवकर काढा आणि पूर्ण काढा. अल-जहरावीचं नाव आपण जलशांमध्ये अभिमानाने घेतो, आणि घरी आल्यावर म्हणतो, चाकू नको. हे दोन्ही एकत्र कसं चालेल?

दुसरा प्रश्न, लिव्हर कापल्यावर मूल जगेल कसं. आपल्या शरीरातल्या मोठ्या अवयवांत लिव्हर असा आहे की कापल्यावर उरलेला भाग वाढून आपलं वजन आणि काम पुन्हा भरून काढतो. कापलेला तुकडा त्याच आकारात परत फुटत नाही, उरलेला भाग मोठा होतो. लिव्हर निरोगी असेल तर दोन तृतीयांशाहून अधिक भाग काढला तरी माणूस जगू शकतो आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत ही भरपाई होते. हेपॅटोब्लास्टोमा झालेल्या मुलांचं बाकीचं लिव्हर बहुतेक वेळा निरोगी असतं. दारूने किंवा कावीळीने खराब झालेल्या मोठ्या माणसाच्या लिव्हरपेक्षा ही मुलं मोठं ऑपरेशन म्हणूनच जास्त चांगलं सोसतात.

अवघड होतं ते रक्तस्राव थांबवणं. लिव्हर म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज. १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही मिनिटांसाठी दाबून धरण्याची युक्ती मांडली. आजही सर्जन तीच वापरतात आणि तिला त्यांचंच नाव आहे. १९५७ साली फ्रान्सच्या क्लोद कुइनो यांनी दाखवून दिलं की बाहेरून एकसंध दिसणारं लिव्हर आतून आठ खंडांचं असतं आणि प्रत्येक खंडाला रक्ताची व पित्ताची आपली वेगळी वाट असते. शेतात धुरा ओळखता आला की एक वावर दुसऱ्याला धक्का न लावता वेगळं करता येतं, तसं हे. या नकाशामुळेच सर्जन आज नेमका हवा तो भाग काढतात.

आपल्या राज्यात हे काम नवं नाही. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. तिथे लहान मुलांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारा विभाग वेगळा आहे. डॉ. साजिद कुरेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांवर केलेल्या लिव्हरच्या शस्त्रक्रियांचे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले आहेत. मोठ्या माणसांच्या लिव्हर आणि स्वादुपिंडाच्या ऑपरेशनांत डॉ. शैलेश श्रीखंडे यांचं नाव देशाबाहेरही घेतलं जातं. हे मुद्दाम सांगतो, कारण "आपल्याकडे हे होत नाही, अमेरिकेत होतं" हेही एक पळवाटीचं वाक्य आहे.

चारही भाग गाठीने व्यापले असतील किंवा मुख्य रक्तवाहिन्या सोडवता येत नसतील तर काय? तेव्हा अख्खं लिव्हर काढून दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवतात. १९६३ साली अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी लिव्हर प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. १९६७ साली त्यांची जी रुग्ण पहिल्यांदा वर्षभराहून जास्त जगली, ती दीड वर्षाची मुलगी होती आणि तिला लिव्हरचाच कॅन्सर होता. शेवटी तो कॅन्सर उलटून ती गेली, पण तिच्यामुळे वाट उघडली. भारतात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९८ साली दिल्लीत एका बापाने आपल्या तान्ह्या मुलाला लिव्हरचा तुकडा दिला. तो मुलगा वाचला आणि मोठा होऊन डॉक्टर झाला. आपल्यातले काही जण इथे शरियतचा प्रश्न काढतात. मतभेद आहेत, आणि उपखंडातल्या काही मोठ्या उलमांनी याला विरोध केला हेही खरं. पण १९८८ साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने जीव वाचवण्यासाठी, देणाऱ्याच्या जिवाला धोका नसेल आणि त्याची राजीखुशी असेल तर याला परवानगी दिली आहे. प्रश्न पडलाच तर दोन्ही बाजू माहीत असलेल्या आलिमला विचारा. चौकातल्या फतव्यावर मुलाचा जीव टांगू नका.

आता तिसरा प्रश्न, व्रणाचा. हा प्रश्न मुलाच्या बाबतीत कुणी विचारला नसता. देशातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर उपचाराला आणलेल्या मुलांच्या मानाने मुलींची संख्या कमी दिसते. लहान मुलांतले काही कॅन्सर मुलग्यांमध्ये थोडे जास्त असतात, पण त्याने हा सगळा फरक भरून निघत नाही. उरलेला फरक आपण केलेला आहे. मुलीच्या लग्नाची चिंता करायला आधी मुलगी जगली पाहिजे, एवढी साधी गोष्ट चारचौघांत सांगायला मला त्या दिवशी तोंड नव्हतं.

ती सांगितली आपाच्या सुनेने. ती आत भाकरी थापत होती. बाहेर आली, पदराला हात पुसले आणि सासऱ्यांच्या समोर, जिथे ती कधी उभी राहत नाही तिथे उभी राहून म्हणाली, "अब्बा, डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं आहे. सुईने गाठ झोपते, मरत नाही. उठली तर मग सुईलाही दाद देत नाही. तारीख दिली आहे त्या दिवशी मी जाणार. तुम्ही आलात तर तुमची मेहरबानी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामू, तुम्ही तर शिकलेले आहात. तुम्ही का बोलत नाही?"

ती सातवी शिकलेली आहे. मुंबईच्या त्या वॉर्डात, दुसऱ्या आयांच्या बरोबर बसून, तिने तीन महिन्यांत जे समजून घेतलं होतं ते मी, पुस्तकं वाचणाऱ्याने, समजून घेतलं नव्हतं. दूल्हेभाई बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "तिकिटं काढ."

ऑपरेशन सहा तासांहून जास्त चाललं. लिव्हरचा उजवा भाग आणि त्याला चिकटलेली पित्ताची पिशवी काढली. रक्ताची सोय आधी करून ठेवावी लागली होती. दहाव्या दिवशी पोरगी बिस्किट मागत होती. पुढे दोन केमो झाल्या. रक्तातला आकडा सर्वसाधारण पातळीवर आला आणि अल्हम्दुलिल्लाह, आजवर तिथेच आहे. आता ती अंगणवाडीत जाते. डॉक्टरांनी सांगितलं आहे की तपासण्या अजून काही वर्षं चालतील, आणि आम्ही त्या चुकवत नाही.

पण तिच्या शेजारच्या खाटेवरचा दोन वर्षांचा मुलगा ऑपरेशनच्या तारखेला आला नाही. त्याचंही पोट उतरलं होतं, तोही घरी जाताना हसत होता. त्याच्या आईचा फोन लागेनासा झाला. आपाची सून अजून अधूनमधून तो नंबर फिरवते.

इलाज अर्धवट सोडून जाणाऱ्या कुटुंबांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण माणूस भीतीने एकदा पळतो आणि पैशाने दहादा. मुंबईत चार-सहा महिने राहायचं तर बापाची मजुरी बुडते, घरी राहिलेली भावंडं उघडी पडतात, रोजचं खाणं, रिक्षा, बाहेरून आणलेली औषधं. म्हणून माझं म्हणणं दोघांना आहे, घरच्यांनाही आणि मोहल्ल्यालाही.

घरच्यांनी हे करावं. मुलाच्या पोटात टणक काही लागलं किंवा पोट फुगतच चाललं तर जंताच्या औषधावर आठवडे घालवू नका. सोनोग्राफी करून घ्या. आपल्या विदर्भातच, मेळघाटात, पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आपण त्यावर हळहळतो, पण तावीज बांधून महिना घालवणं हे चटक्याचंच भावंड आहे, फक्त डाग दिसत नाही. निदान झाल्यावर पहिल्याच दिवशी विचारा, ऑपरेशन कधी, त्याआधी किती केमो, त्यानंतर किती. तारीख लिहून घ्या. सिस्प्लॅटिनने कानावर परिणाम होऊ शकतो, म्हणून कानाची तपासणी करून घ्या. केमोनंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिल्याने बहिरेपणाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं आहे. आपल्या मुलाला ते देता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

कागद सांभाळा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी सरकारी योजना कॅन्सरची केमो आणि ऑपरेशन यांना मदत करते. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला यांवरची नावं सारखी करून घ्या. आपल्याकडे एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शे., तिसऱ्यावर नुसतं नाव असतं आणि त्या एका अक्षरापायी आठवडे जातात. टाटामध्ये मुलांच्या कॅन्सरसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन काम करतं. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांना आणि आईबापांना मोफत राहायला देते. आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे कॅन्सरचे रुग्ण उतरतात. विदर्भाच्या मातीतला तो माणूस खराटा घेऊन गावोगाव फिरला आणि मागे रुग्णांसाठी छप्पर ठेवून गेला. आमची पोरगी त्या वस्तीतल्याच एका खोलीत चालायला शिकली.

मोहल्ल्याला माझं सांगणं असं. आपण मशिदीची कमान, जलशाचा मंडप, उर्सचं लंगर यांसाठी वर्गणी गोळा करतो, ती करावी. पण एका मुलाच्या आईबापाचा मुंबईतला चार महिन्यांचा खर्च, ही जकात देण्यासाठी फार योग्य जागा आहे. पैसे एकदम हातात देण्यापेक्षा प्रत्येक केमोच्या आणि विशेषतः ऑपरेशनच्या तारखेला तिकिटं काढून द्या. स्टेशनवर सोडायला जा. त्या दिवशी घरी राहिलेल्या भावंडांना जेवू घाला. जो आजारी मुलाच्या घरी सल्ला द्यायला जातो, त्याने जाताना जालन्याचं एक तिकीट घेऊन जावं.

जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी एक वाक्य वाढवलं तर फार होईल, की ज्याने आजार दिला त्याने इलाजही दिला आहे, आणि तो शोधायचा, पूर्ण करायचा ही आपली जबाबदारी आहे. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर सोपवा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गाठ लहान झाल्यावर मूल घरी आणणं म्हणजे उंटाची दोरी अर्धीच बांधून झोपायला जाणं.

सैलानीला जाणाऱ्यांना मी अडवत नाही. पिंपळगाव सराईच्या त्या दरग्यावर आमच्याकडचे हिंदूही जातात, जसे आमच्या बालाजीच्या यात्रेत मुसलमान दुकानं लावतात. मन्नत मागा, दुआ मागा. आपानेही मागितली होती. फक्त ऑपरेशनच्या तारखेला सैलानीत नका जाऊ, परळला जा.

पोरीच्या पोटावर बरगडीखालून आडवा व्रण आहे. परवा ती फ्रॉक वर करून मला तो दाखवत होती आणि विचारत होती, हे काय आहे. तिच्या आईने उत्तर दिलं, "इथून डॉक्टरांनी तुझा आजार बाहेर काढला." दूल्हेभाई बाजूलाच बसले होते. म्हणाले, "आणि माझी अक्कल आत घातली."

मला त्यांच्यासारखं मोकळेपणाने बोलता आलं नाही. म्हणून लिहिलं. पुढच्या वेळी कुणाच्या अंगणात अशी बैठक बसली, तर तिथे बसलेल्या शिकलेल्या माणसाने गप्प बसू नये.